विश्लेषण : रस्ता उखडला, माल गेला कुठे? जुने डांबर आणि पेव्हर ब्लॉक पुन्हा वापरण्याची अट निविदेतच का हवी?

पनवेल परिसरात रस्त्याचे किंवा पदपथाचे काम निघाले की दोन प्रकारचे डंपर दिसतात. एक नवी खडी घेऊन येतो, दुसरा जुना रस्ता घेऊन जातो. पहिल्याचा हिशेब निविदेत घनमीटरपर्यंत मांडलेला असतो. दुसऱ्याचा हिशेब बहुतेक वेळा ‘विल्हेवाट’ या एका शब्दात आटोपतो. त्या दुसऱ्या डंपरमध्ये असते ती चांगल्या प्रतीची खडी, महागडे डांबर आणि फोडलेले काँक्रीट. हा माल पुन्हा वापरण्याचे तंत्र नवे नाही आणि त्यासाठीची मानकेही देशात आहेत. तरीही तो खाडीकिनारी, मोकळ्या भूखंडावर किंवा महामार्गाच्या कडेला का पडतो? प्रश्न यंत्राचा कमी आणि निविदेचा जास्त आहे. तो कसा, याविषयी.

उखडलेल्या रस्त्यात नेमके काय असते?

डांबरी रस्त्याच्या वरच्या थरात वजनाने साधारण ९५ टक्के खडी, कच आणि भुकटी असते. उरलेले सुमारे पाच टक्के डांबर. रस्ता जुना झाला, खड्डे पडले, म्हणून त्यातील दगड झिजून संपलेला नसतो. कोकणातील काळा कातळ म्हणजे बेसॉल्ट. वीस वर्षे वाहने गेल्यानंतरही त्यातील बहुतेक खडी शाबूत असते. बिघडते ते डांबर. ऊन, हवा आणि पाणी यांमुळे त्यातील तेलकट अंश कमी होतो, ते कडक आणि ठिसूळ होते, भेगा पडतात. भेगांतून पाणी आत गेले की खडी सुटते आणि खड्डा तयार होतो.

म्हणजे उखडलेला थर हा मातीमोल झालेला कचरा नाही. ती डांबर लागलेली, आधीच फोडून चाळलेली खडी आहे. मिलिंग यंत्राने खरवडून काढलेल्या अशा मालाला रस्तेबांधणीच्या भाषेत ‘रॅप’ म्हणतात. मिलिंग यंत्राच्या पोटात दातेरी ड्रम असतो. तो ठरवलेल्या खोलीपर्यंत रस्ता सोलतो आणि निघालेला चुरा पट्ट्यावरून थेट डंपरमध्ये पडतो. जेसीबीने उचकटलेल्या रस्त्यात माती, मुरूम, प्लॅस्टिक असे सगळे मिसळते. मिलिंगमध्ये थर वेगळा आणि स्वच्छ निघतो. पुढचा पुनर्वापर जमणार की फसणार, हे बऱ्याच अंशी इथेच ठरते.

एका किलोमीटरचा हिशेब काय?

सात मीटर रुंदीचा दुपदरी रस्ता घेऊ. एक किलोमीटर लांबीत वरचा ४० मिलिमीटरचा थर काढला तर २८० घनमीटर माल निघतो. वजनात तो सुमारे ६५० टन भरतो. एका फेरीत १६ टन धरले तर डंपरच्या ४० फेऱ्या. त्यात पाच टक्के डांबर धरले तर ते सुमारे ३२ टन होते. डांबराचा दर टनाला ५० हजार रुपये मानला, तर एका किलोमीटरच्या चुऱ्यात १६ लाख रुपयांचे डांबर दडलेले आहे. जुने डांबर नव्याइतके गुणकारी नसते, त्यामुळे ही सगळी रक्कम वाचेल असे नाही. पण ती शून्यही नाही. देशाला लागणाऱ्या डांबरापैकी मोठा हिस्सा आयात करावा लागतो, हेही यात लक्षात घ्यायला हवे.

पदपथाचे गणितही असेच. दोन मीटर रुंद आणि एक किलोमीटर लांब पदपथावरचे ६० मिलिमीटर जाडीचे पेव्हर ब्लॉक काढले तर सुमारे २८० टन काँक्रीट हाती येते. काँक्रीटच्या रस्त्याचे आकडे तर आणखी मोठे. ३०० मिलिमीटर जाडीचा, सात मीटर रुंदीचा एक किलोमीटर रस्ता फोडला तर पाच हजार टन माल निघतो. आज शहरोशहरी काँक्रीटीकरण सुरू आहे. जलवाहिनी, गॅसवाहिनी, केबल यांच्यासाठी हेच रस्ते पुन्हा फोडले जातील, तेव्हा हा ढीग आजच्यापेक्षा मोठा असेल.

पनवेलसाठी हा प्रश्न महत्त्वाचा का?

पनवेल हे रस्त्यांच्या गाठीवर वसलेले शहर आहे. सायन-पनवेल महामार्ग इथे येतो, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीपासून सुरू होतो, मुंबई-गोवा महामार्ग पळस्पे फाट्यापासून दक्षिणेकडे वळतो आणि जेएनपीएकडे जाणारी अवजड वाहतूकही याच परिसरातून जाते. १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेच्या हद्दीत सिडकोने वसवलेले खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे नोड आहेत. शेजारी नवी मुंबई विमानतळ आहे. म्हणजे सार्वजनिक बांधकाम विभाग, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, रस्ते विकास महामंडळ, सिडको आणि महापालिका अशा अनेक यंत्रणांची कामे काही किलोमीटरच्या टापूत चालतात.

या कामांना लागणारी खडी आकाशातून पडत नाही. पनवेल-उरण पट्ट्यातील दगडखाणींनी अनेक वर्षे मुंबई आणि नवी मुंबईला खडी पुरवली आहे. खाणीतील सुरुंगांमुळे घरांना पडणाऱ्या भेगा, क्रशरची धूळ आणि डंपरने खिळखिळे झालेले गावातले रस्ते हे इथल्या गावांना नवे नाही. एका बाजूला डोंगर फोडून खडी आणायची आणि दुसऱ्या बाजूला आधीच फोडलेली खडी खाडीकिनारी टाकायची, असा हा उलटा व्यवहार आहे. ओहोळात आणि कांदळवनाच्या कडेला पडलेला राडारोडा पावसाच्या पाण्याची वाट अडवतो. त्याची किंमत निविदेच्या कुठल्याच रकान्यात दिसत नाही. ती पावसाळ्यात तळमजल्यावरची कुटुंबे मोजतात.

जुना थर न काढता नवा टाकला तर काय होते?

पुनर्वापराची कटकट नको म्हणून एक सोपी पळवाट वापरली जाते. जुना थर तसाच ठेवायचा आणि त्यावर नवा टाकायचा. यात राडारोडा निघत नाही हे खरे. पण रस्ता वर चढतो. दर काही वर्षांनी ४० ते ५० मिलिमीटरचा थर चार वेळा टाकला, तर रस्ता १६ ते २० सेंटिमीटर, म्हणजे घराच्या एका पायरीएवढा उंच होतो. सोसायटीचे फाटक, दुकानाचा उंबरठा, गटाराची झाकणे होती तिथेच राहतात. पाऊस पडला की पाण्याचा उतार गटाराऐवजी घराकडे होतो.

कळंबोली, कामोठे यांसारखे नोड खाडीलगतच्या सखल जमिनीवर भराव टाकून वसवलेले आहेत. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आला की पाणी साठवता यावे म्हणून सिडकोने धारण तलावांची योजना केली. अशा ठिकाणी रस्त्याची पातळी काही सेंटिमीटरने बदलली तरी फरक पडतो. तमिळनाडूत २०२१ मध्ये मुख्य सचिवांनी यासंबंधी स्पष्ट सूचना दिल्या होत्या. जुना थर मिलिंगने काढल्यानंतरच नवा टाकावा, रस्त्याची पातळी वाढू देऊ नये, असे त्यात बजावले होते. थर काढला की माल निघणारच. म्हणून पातळीचा प्रश्न आणि पुनर्वापराचा प्रश्न एकत्रच सोडवावा लागतो.

जुने डांबर पुन्हा कसे वापरतात?

तीन मार्ग प्रचलित आहेत. पहिला, प्लांटमध्ये गरम करून. निघालेला माल चाळून आकारानुसार वेगळा करतात आणि ठरावीक प्रमाणात नव्या खडी-डांबरात मिसळतात. इथे एक खबरदारी लागते. जुन्या मालावर थेट ज्वाला पडली तर त्यातील डांबर जळते आणि धूर होतो. म्हणून तो ड्रममध्ये ज्वालेपासून दूर, वेगळ्या वाटेने सोडतात. आधी जास्त तापवलेली नवी खडी आपली उष्णता त्याला देते. कडक झालेल्या डांबराला पुन्हा मऊ करण्यासाठी मऊ प्रतीचे नवे डांबर किंवा ‘रिज्युव्हनेटर’ नावाचे तेलकट द्रव्य घालतात.

दुसरा मार्ग थंड पुनर्वापराचा. यात माल तापवत नाहीत. फेसाळ डांबर किंवा इमल्शन आणि थोडे सिमेंट मिसळून त्याचा खालचा थर तयार करतात. तिसरा मार्ग म्हणजे रस्ता जागच्या जागी पूर्ण खोलीपर्यंत फोडून, त्यात सिमेंट आणि इतर द्रव्ये मिसळून तिथेच दाबून बसवणे. उत्तर प्रदेशात पंतप्रधान ग्रामसडक योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात या पद्धतीचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला. यात जुना रस्ताच नव्या रस्त्याचा पाया होतो आणि बाहेरून आणाव्या लागणाऱ्या खडीची गरज बरीच घटते.

अमेरिकेत १९७३ च्या तेलसंकटानंतर डांबर महागले आणि पुनर्वापराला जोर आला. आज तिथल्या नव्या डांबरी मिश्रणात जुन्या मालाचा वाटा सरासरी २० टक्क्यांहून अधिक असतो. जपानमध्ये उखडलेले डांबरी काँक्रीट जवळपास सगळेच पुन्हा वापरात येते. भारतातही इंडियन रोड्स काँग्रेसने २०१५ मध्ये डांबरी रस्त्यांच्या पुनर्वापरासाठी ‘आयआरसी १२०’ ही मार्गदर्शक पद्धती प्रसिद्ध केली. त्यामुळे ‘आपल्याकडे याचे मानक नाही’ हे कारण आता चालण्यासारखे नाही.

काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉकचे काय?

पेव्हर ब्लॉकचा पुनर्वापर सर्वांत सोपा आहे, कारण तो मुळात उचलून पुन्हा बसवण्यासाठीच बनवलेला असतो. ब्लॉक वाळूच्या थरावर बसतो, त्याला सिमेंटने जखडलेले नसते. खालची केबल दुरुस्त करायची तर ब्लॉक काढायचे, काम झाले की तेच परत लावायचे. पदपथ खचला तर दोष बहुधा ब्लॉकचा नसतो. खालचा थर नीट दाबलेला नसतो किंवा कडेचा कर्बस्टोन हललेला असतो. तरीही खचलेल्या पदपथाचे सगळे ब्लॉक बदलून नवे टाकले जातात. जुने धड ब्लॉक मोजून बाजूला रचले आणि फुटलेल्यांपुरतेच नवे घेतले, तर खर्च आणि राडारोडा दोन्ही कमी होतात. शहरभर एकाच आकाराचे आणि जाडीचे ब्लॉक वापरले, तर एका पदपथाचे दुसऱ्यावर लावता येतात.

फुटलेले ब्लॉक आणि काँक्रीट क्रशरमध्ये दळून खडी करता येते. भारतीय मानक ब्यूरोच्या ‘आयएस ३८३’ या मानकाने २०१६ मध्ये त्याला मान्यता दिली. साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, ‘एम २५’ किंवा त्याखालील प्रतीच्या सळईयुक्त काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत आणि पायाखालच्या हलक्या प्रतीच्या काँक्रीटमध्ये पूर्ण १०० टक्के अशी खडी चालते. बांधकामाच्या राडारोड्याचा रस्त्यांत वापर कसा करावा, याची मार्गदर्शक तत्त्वे ‘आयआरसी १२१’ मध्ये २०१७ पासून उपलब्ध आहेत.

पनवेलच्या आसपास असे काही झाले आहे का?

झाले आहे, आणि तेच या प्रश्नाचे महत्त्वाचे उत्तर आहे. जानेवारी २०२४ मध्ये मुंबई-गोवा महामार्गाच्या इंदापूर-पनवेल टप्प्यात पोलादाच्या मळीपासून, म्हणजे स्टील स्लॅगपासून बांधलेल्या एक किलोमीटर चौपदरी रस्त्याचे उद्घाटन झाले. राष्ट्रीय महामार्गावरील हा देशातला पहिला असा पट्टा. केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या मार्गदर्शनाखाली, जेएसडब्ल्यू स्टीलच्या रायगड जिल्ह्यातील डोलवी कारखान्यातील सुमारे ८० हजार टन मळीवर प्रक्रिया करून खडीच्या जागी ती वापरण्यात आली. डांबरी भागाची जाडी नेहमीपेक्षा २८ टक्के कमी ठेवता आली. मळीतील मोकळा चुना पाणी लागल्यावर फुगतो, म्हणून आधी तिच्यावर प्रक्रिया करावीच लागते. हा माल जुन्या रस्त्यातला नव्हता, पण धडा तोच आहे. जो ढीग कारखान्याबाहेर साचला असता, तोच चाचणी, मानक आणि करार यांच्या चौकटीत आल्यावर महामार्ग झाला.

याच महामार्गाच्या पनवेल ते कासू टप्प्याच्या काँक्रीटीकरणाचे भूमिपूजन मार्च २०२३ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते झाले. हे काम ‘व्हाइट टॉपिंग’ पद्धतीचे. त्यात जुना डांबरी रस्ता फेकून न देता त्यालाच पाया धरून वर काँक्रीट टाकतात. मोकळ्या महामार्गावर हे चालते, कारण तिथे लगतच्या उंबरठ्याचा प्रश्न कमी असतो. वस्तीतल्या रस्त्यावर तेच केले तर पातळी वाढते.

नवी मुंबई विमानतळाचे उदाहरण त्याहून मोठे. धावपट्टीच्या आड येणारी सुमारे ९० मीटर उंचीची उलवे टेकडी कापण्यात आली आणि निघालेला दगड त्याच प्रकल्पातील सखल जमीन उंचावण्यासाठी वापरण्यात आला. टेकडी कापावी का, हा वाद वेगळा आणि गंभीर आहे. पण एकदा ती कापायचे ठरल्यावर तिचा दगड फेकायला कुणी जागा शोधत बसले नाही. कारण कापणी आणि भराव यांचा ताळेबंद आराखड्यातच होता. जे विमानतळाला जमते ते प्रभागातल्या रस्त्याला का जमू नये?

लहान प्रमाणावरही प्रयत्न झालेले आहेत. सिडको आणि ‘युवा’ या स्वयंसेवी संस्थेने नवी मुंबईत दोन दशकांपूर्वीच राडारोड्यापासून पेव्हर ब्लॉक आणि विटा बनवण्याचा प्रकल्प चालवून पाहिला होता. मुंबई महापालिकेसाठी शिळफाट्याजवळ डायघर येथे दररोज ६०० टन क्षमतेचे राडारोडा प्रक्रिया केंद्र उभे राहिले आहे. पनवेलपासून ते फार दूर नाही.

नियम काय सांगतात?

केंद्राच्या बांधकाम व पाडकाम कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार दिवसाला २० टन किंवा महिन्याला प्रकल्पामागे ३०० टनांहून अधिक कचरा करणाऱ्यांनी तो काँक्रीट, माती, विटा आणि लोखंड-लाकूड-प्लॅस्टिक असा वेगळा करून स्थानिक संस्थेला व्यवस्थापन आराखडा द्यायचा होता. वरच्या हिशेबातील एक किलोमीटरचे डांबरीकरण महिनाभरात झाले तर त्यातून निघणारे ६५० टन या मर्यादेच्या दुप्पट आहेत. महापालिका व शासनाच्या कामांत १० ते २० टक्के साहित्य प्रक्रिया केलेल्या राडारोड्याचे असावे, अशीही तरतूद त्यात होती. २०२५ मध्ये केंद्राने नवे नियम अधिसूचित केले. त्यांच्या अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६ आहे. २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम क्षेत्राच्या प्रकल्पांवर त्यात कचऱ्याच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकली आहे.

नियम आहेत, मानके आहेत. मग माल खाडीकिनारी का जातो?

घोडे अडते कुठे?

निविदेच्या दरपत्रकात. रस्त्याच्या कामात खोदाई, खडीकरण, डांबरीकरण अशा प्रत्येक बाबीला दर असतो. जुना थर ‘काढणे व विल्हेवाट लावणे’ यालाही दर असतो. पण तो थर तपासणे, चाळणे, साठवणे आणि पुन्हा वापरणे ही बाब अनेकदा नसतेच. कंत्राटदाराच्या बाजूने पाहिले तर गणित सरळ आहे. फेकण्याचे पैसे मिळतात, नवी खडी आणण्याचेही मिळतात. जुनी खडी वापरण्याचे मात्र मिळत नाहीत. असे असताना त्याने माल जपून ठेवावा ही अपेक्षा भाबडी आहे. कुठे टाकायचे हे निविदेत नसले, की सर्वांत जवळची मोकळी जागा हाच सर्वांत स्वस्त पर्याय ठरतो. दोन दंड ठोठावले, चार डंपर पकडले, तरी हे गणित बदलत नाही.

दुसरी अडचण प्लांटची. अनेक लहान डांबर प्लांटमध्ये जुना माल वेगळ्या वाटेने सोडण्याची सोय नसते. ती बसवायला खर्च येतो. माल नियमित मिळेल याची खात्री नसेल तर तो खर्च कुणी करणार नाही. तिसरी अडचण जागेची. कोकणातल्या पावसात उघड्यावर पडलेला चुरा पाणी पितो. ते पाणी उडवण्यातच इंधन जाते. म्हणून छपराखालची साठवण लागते.

दर्जाबद्दलची भीती खरी आहे का?

काही अंशी खरी आहे, आणि ती नाकारून चालणार नाही. कोणत्या रस्त्यातून माल आला, त्यात डांबर किती, ते किती कडक झाले, खडीचा आकार काय, हे न तपासता मिसळले तर नवा रस्ता लवकर फुटेल. ‘पुनर्वापर’ हे नाव देऊन निकृष्ट माल खपवला जाण्याचा धोकाही आहे. आधीच खड्ड्यांनी वैतागलेल्या नागरिकांना ‘जुन्या मालाचा रस्ता’ ऐकून शंका आली तर ती गैर नाही.

पण यावर उपाय पुनर्वापर टाळणे हा नाही. नव्या खडीचा रस्ताही तपासणीअभावी पहिल्याच पावसात फुटतो, हे पनवेलकरांना सांगायला नको. माल जुना असो की नवा, प्रयोगशाळेतील चाचणी आणि कंत्राटदाराची दोषदायित्व मुदत दोन्हींना सारखीच लागू हवी. शिवाय सुरुवात वरच्या थरापासून करण्याची गरज नाही. सेवा रस्ता, खांद्याची पट्टी, वाहनतळ, पदपथाखालचा थर अशा ठिकाणी जोखीम कमी असते. तिथे हात बसला की पुढे जाता येते.

काय करायला हवे?

पहिली गोष्ट, निविदेत दोन रकाने वाढवायचे. या कामातून किती टन माल निघेल आणि त्यातला किती कुठे वापरला जाईल. निघणाऱ्या मालाची किंमत ठरवून ती कंत्राटातून वजा करायची आणि प्रक्रिया करून वापरलेल्या मालाला वेगळा दर द्यायचा. फेकण्यापेक्षा वापरणे फायद्याचे झाले की डंपर आपोआप दिशा बदलतील.

दुसरी, क्रम ठरवायचा. जे उचलून पुन्हा बसवता येते ते आधी बसवायचे. उरलेल्याची खडी करून खालच्या थरात घालायची. डांबरी माल शक्य तिथे पुन्हा डांबरातच वापरायचा, कारण त्याची खरी किंमत तिथे आहे. भराव हा शेवटचा पर्याय, आणि तोही परवानगी असलेल्या जागीच.

तिसरी, पनवेल टापूतील यंत्रणांनी मिळून एकच सामाईक डेपो उभारायचा. एकट्या महापालिकेचा माल कदाचित प्लांटला पुरणार नाही. पण महामार्ग, सिडको, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि शेजारची नवी मुंबई महापालिका यांचा मिळून पुरेल. छप्पर, वजनकाटा, चाळणी आणि एक छोटी प्रयोगशाळा एवढ्याने सुरुवात होते. प्रत्येक डंपर तिथे वजन होऊनच रिकामा झाला आणि त्या पावतीशिवाय बिल निघाले नाही, तर खाडीकिनारी जाणाऱ्या फेऱ्या पैशाअभावी थांबतील.

नागरिक काय पाहू शकतात?

शासकीय निविदा ‘महाटेंडर्स’ या संकेतस्थळावर पाहता येतात. आपल्या भागातल्या रस्त्याच्या निविदेत जुना थर काढण्याची बाब आहे का, असल्यास निघालेल्या मालाचे काय करायचे लिहिले आहे, हे कुणीही तपासू शकतो. नसेल तर माहिती अधिकारात विचारता येते. काम सुरू होण्याआधी सोसायटीच्या फाटकाशी रस्त्याची उंची मोजून फोटो काढून ठेवणे, हा सर्वांत स्वस्त पुरावा आहे. काम झाल्यावर ती वाढली असेल तर प्रश्न विचारायला आधार मिळतो.

रस्ता किती कोटींचा, हे फलकावर लिहिलेले असते. त्याच फलकावर आणखी एक ओळ असायला हवी : जुना माल किती टन निघाला आणि तो कुठे गेला. ती ओळ लिहायला नवे तंत्रज्ञान लागत नाही. मात्र ती लिहायची तर आधी कुणीतरी तो माल मोजावा लागेल, आणि मोजला जाणारा माल खाडीत टाकणे सोपे राहत नाही.